उलटा मुखवटा

हॅलोविनच्या चित्रपुस्तकातलं एकही भूत पोरांना घाबरवत नव्हतं. दात विचकणारा भोपळा पाहून तर सगळी खदखदून हसली, “कोहळ्याले दात!”

सावली तालुक्यातल्या या जंगलकाठच्या शाळेत दीपिकाबाई नव्यानंच आल्या होत्या. त्यांनी पान उलटलं. चेहऱ्यावर मुखवटा चढवलेला मुलगा दिसला आणि पोरं ओरडली, “बाई, यानं उलटा घातला! मुखवटा डोक्याच्या मांगं बांधतेत!”

“मागे? ते का?”

“मोहफुलं वेचताना वाकावं लागते ना,” पहिलीतल्या उर्वशीनं समजावलं. “वाघ मांगूनच येते. त्याले तिकडंही तोंड दिसलं का तो येत नाई.”

बाईंना गंमत वाटली. त्यांनी पिशवीतून कागदाचा मुखवटा काढला.

“खेळताना मात्र तोंडावरच लावायचा. ये, तुला बांधते.”

उर्वशी मागं सरकत भिंतीला टेकली.

“नाई बाई. त्या दिवशी मायचा मुखवटा मीच तोंडाले लावून घरामांगं खेळत होती. मायनं लय शोधला. मंग तशीच गेली मोहफुलाले.”