आचाऱ्याचं नाक

दोन्ही रोपं हुबेहूब सारखी दिसत होती. एक कोथिंबिरीचं, दुसरं अजमोद्याचं. पिशवीत पाणी सांडलं आणि रोपवाटिकेतल्या बाईने लावून दिलेल्या चिठ्ठ्यांवरची शाई पार धुऊन निघाली.

आचाऱ्याने एकाचं पान चुरगळून नाकाशी धरलं. काहीच नाही. दुसऱ्याचं धरलं. तेही कागदासारखं कोरडं.

गेल्या हिवाळ्यात घरभर ताप फिरला, सगळे आठवडाभर अंथरुणात होते. पुढे अंगात ताकद आली, भूकही आली, पण त्याचा वास गेला तो गेलाच, आणि त्याच्यामागे चवही. सांगणार कुणाला? चाळीस वर्षं त्याने भटारखाना गाजवला तो याच नाकावर. झाकण न काढता कांदा किती परतलाय ते सांगायचा. लोक त्याला नाकवाले उस्तादच म्हणायचे.

उद्या लेकीची खाणावळ सुरू होणार होती. तिला भेट म्हणून त्याने आपलं जुनं रुंद तोंडाचं पातेलं काढलं होतं. बुडाला भोकं पाडली, खापऱ्या अंथरल्या, वर माती भरली. पुदिना नजरेला कळला. ओव्याची जाड, लवदार पानं बोटांना कळली. गाडी अडली ती या जुळ्यांपाशी.

"बाबा!"

दार ढकलून लेक आत आली. ती संध्याकाळी येणार होती, आता कुठे अकरा वाजत होते. त्याने घाईघाईने दोन्ही रोपं मातीत दाबली.

"तुझ्यासाठीच चाललंय. खिडकीत ठेव, लागेल तसं खुड."

ती हरखली. वाकून एकेक रोप निरखू लागली.

"यातली कोथिंबीर कुठली?"

"हे काय विचारणं झालं? आचाऱ्याची पोर ना तू?"

"सांगा ना."

त्याने अंदाजाने डावीकडे बोट केलं. तिने पान तोडलं, चुरडलं आणि सरळ त्याच्या नाकाखाली धरलं. "नीट वास घेऊन सांगा."

हिला संशय आलाय. महिनाभर हेच चाललं होतं. कधीही डबा घेऊन यायची, "बघा बरं, काय कमी आहे?" म्हणायची, आणि तो "फक्कड!" म्हणून सुटका करून घ्यायचा. उद्यापासून रोज सकाळी ओट्यापाशी तुम्ही हवेतच, असा हट्टही धरून बसली होती. तिथे तर दोन दिवसांत पितळ उघडं पडलं असतं.

त्याने मोठा श्वास ओढला. "कोथिंबीरच."

"नक्की? उद्या हीच चिरून लोकांच्या ताटात जायचीय."

ती डोळ्याची पापणी लवू देत नव्हती. त्याने मातीचे हात विजारीला पुसले. आपलं नाव राखायचं आणि पहिल्याच दिवशी पोरीची फजिती करायची? त्याच्या जिवाला ते पटेना.

"पोरी, मला नाही सांगता येत," तो खाली बघत म्हणाला. "त्या तापात माझं नाक गेलं. चवही गेली. तुझे डबे मी नुसतीच मान डोलवत खाल्ले. तू ओळखलंच असशील म्हणा."

लेक मटकन स्टुलावर बसली.

"इतकं मनाला लावून घेऊ नकोस," तो तिची समजूत घालू लागला. "माझ्यावाचून तुझं काय अडलंय? मी म्हातारा झालो. तुझं नाक शाबूत आहे, तेवढं पुरे."

"बाबा," ती कशीबशी म्हणाली, "त्याच तापात माझंही गेलं. खाणावळ काढली ती तुमच्या नाकाच्या भरवशावर."