उघडा राहिलेला माइक

"सर, मी बोलत नसले तरी लॅबच्या कॉम्प्युटरच्या माइकचा दिवा लागलेला असतो," ऋजुता म्हणाली.

"माइक उघडायची सगळ्यांची परवानगी मी सोमवारीच काढलीय," मी लॅबप्रमुखाच्या तोऱ्यात म्हणालो.

"त्याआधीच कुणी उघडून ठेवला असेल तर?"

खरं होतं. आधी उघडलेला माइक परवानगी काढली तरी चालूच राहतो; त्याची जोडणी वेगळी तोडावी लागते. माइक कुणाकुणाकडे उघडा आहे, त्याची मी यादी काढली. एकच नाव होतं, माझं. चाचणीचं रेकॉर्डिंग बंद करायचंच राहिलं होतं.

हेडफोन लावून शेवटचा तुकडा ऐकला. ऋजुता आईशी फोनवर बोलत होती, "हॉस्टेलवर सगळ्या कान देऊन असतात गं. सरांच्या लॅबमध्ये मोकळेपणी रडता येतं."

"कोण होतं, सर?" तिनं विचारलं.

मी आधी जोडणी तोडली. मग म्हणालो, "कुणी नाही."