स्पंज कसा धुवायचा

मासे जिवंत आहेत तोवर अंगणातलं तळं बुजवायचं नाही, असं आजोबांनी बजावून ठेवलं होतं. बाबांना तिथे गाडी लावायला जागा हवी होती.

डोळ्याच्या ऑपरेशनला जाण्याआधी आजोबांनी नातीला तळ्याच्या काठावर बसवलं आणि फिल्टर उघडून दाखवला. "हा स्पंज नेहमी तळ्याच्याच पाण्यात पिळायचा. नळाखाली धुतला की त्यातले चांगले जंतू मरतात, मग पाणी नासतं आणि मासे जातात. आता तू मला शिकव बघू."

नातीने न चुकता शिकवलं. आजोबा गुणी विद्यार्थ्यासारखे मान हलवत राहिले.

आठवड्याने ते परत आले, तेव्हा सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते. बाबा टेप लावून तळ्याची रुंदी मोजत होते.

"वाईट झालं, अण्णा," बाबा म्हणाले. "पण आपलं बोलणं मासे असेपर्यंतचंच होतं."

नात आजोबांच्या कानाशी लागली. "बाबांना रागावू नका हं, आजोबा. मी शाळेत गेले होते, तेव्हा त्यांनी स्पंज नळाखाली साबण लावून घासला. पांढराशुभ्र केला अगदी. बिचाऱ्यांना कुणी शिकवलंच नव्हतं ना."

आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"शिकवलं होतं गं. इथेच बसवून. तुझ्याएवढा होता तेव्हा. त्यानेही मला न चुकता शिकवून दाखवलं होतं."