आश्रुबाचं शास्त्र

"बूट काढ," आश्रुबा म्हणाला.

"न्हाई काढत," शिवकन्या म्हणाली आणि लेस आणखी आवळली.

राणीसावरगावच्या माळाकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर बापलेक रोजच्यासारखे उभे होते. दिवस नुकताच उगवत होता. तिच्या पायात निळे बूट, त्याच्या पायात काहीच नाही. मागं तीसेक मेंढरं, या दोघांचं भांडण कधी मिटतं याची वाट बघत.

"पाय कशाला देल्ते देवानं? भुई कळावी मनून. तू मधी गादी घालून पळायलीस."

"भुई कळून काय करू, बापू? मला आठशे मीटर पळायचंय."

"बूट उचलून बग. पावशेर वझं हाय एकाएकाचं. ते घेऊन पळायलीस, अन् मार्क कमी आले की रडायलीस."

हे तिला झोंबलं. तीन वर्षांपूर्वी पोलीस भरतीत ती दोन मार्कांनी हुकली होती. लेखी तिला कधीच जड गेली नाही. हुकली ती पळण्यात. त्या दिवशी दार लावून बसली ती दुसऱ्या दिवशीच उठली. आता हे शेवटचं वर्ष. पुढच्या साली वय बसणार नव्हतं, आणि मामानं वालूरचं एक स्थळ आतापासूनच बघून ठेवलं होतं.

आश्रुबाला अनवाणी राहायचं हे वेड त्याच साली मोबाईलनं लावलं, असं गाव म्हणे. कुठल्याशा देशातला एक काटक गडी अनवाणी पळून सगळ्यांच्या पुढं जातो, असा व्हिडिओ त्याच्याकडं होता. तो त्यानं गावातल्या प्रत्येकाला दाखवला होता, काहींना दोनदा. गंगाखेडला शिवकन्येची तयारी करून घेणाऱ्या परमेश्वर सरांनाही दाखवला.

"आश्रुबा, अशानं गुडघे जातील," सर म्हणाले.

आश्रुबानं धोतर वर करून गुडघे दाखवले. "साठ वर्सं झाली. गेले का?"

सरांनी पँटवरूनच स्वतःचा गुडघा चोळला. त्यांच्या गुडघ्याला पट्टा होता.

नुसतं बोलून थांबला असता तर निराळं. पण भर उन्हाळ्यात तो पुतण्याच्या लग्नाला अनवाणी गेला, वरातीत डांबरावर नाचला आणि कुणी विचारलं तर म्हणाला, "रक्त फिरतंय." कस्तुराबाई, शिवकन्येची आई, संध्याकाळी त्याच्या तळव्यातले काटे सुईनं काढायला बसायची, तेव्हाही त्याचं शास्त्र चालूच. "काटा मोडला की पाय शाना होतो." कस्तुराबाई या वादात कधीच पडली नाही. सुई जरा खोल घालायची, तेवढंच.

घरात खुंटीला त्याच्या वहाणा टांगलेल्या होत्या. जाड कातड्याच्या, करकर वाजणाऱ्या. पूर्वी त्या वाजल्या की आश्रुबा वेशीत आला हे घरात कळायचं. आता दर रविवारी तो त्यांना करडीचं तेल लावायचा आणि परत टांगायचा.

"घालायच्या न्हाईत तर तेल कामून?" शिवकन्येनं एकदा विचारलं.

"कातडं हाय. मेलं मनून उपाशी ठिवावं का?"

तिचे बूट मात्र तोच धुवायचा. "किती माती वाहायलीस ते बगतो," म्हणायचा. मग चुलीपाशी वाळत ठेवायचा, आणि जळू नयेत म्हणून शेजारी बसून उलटेपालटे करायचा.

मैदानी चाचणी परभणीला होती. आदल्या दिवशी पाऊस भुरभुरला होता. ओली काळी माती काय करते हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आधीची तुकडी पळून आली तेव्हा मुलींच्या बुटांना खाली हे एवढाले थर बसले होते. एक पोरगी काडीनं बुटाचे तळ खरवडता खरवडताच रडायला लागली.

शिवकन्येनं चार पावलं चालून बघितलं आणि एक बूट काढून हातात तोलला. पावशेर कुठला, चांगला शेरभर होता.

तिनं दुसराही बूट काढला. मोजे आत कोंबले.

शिट्टी वाजली. पहिल्या फेरीत तिला भुई कळली: कुठं घट्ट, कुठं निसरडी, कुठं खडा. दुसऱ्या फेरीत तिला काहीच कळलं नाही. थांबली तेव्हा पुढं कुणी नव्हतं.

हे तिनं घरी सांगितलं नाही. बापूपुढं हार कबूल करायची तर यादी लागल्यावर, असं तिनं ठरवलं होतं.

यादी लागली, आणि तिचं नाव होतं. तिनं परभणीहूनच आईला फोन केला. आई 'खंडोबा' म्हणाली आणि फोन चालू ठेवूनच बापूला हाका मारत सुटली.

गावापर्यंत बसमध्ये शिवकन्या वाक्य जुळवत होती. इतकी वर्षं भांडलो, तर आता हरायचंही नीट. 'बापू, तुमचं शास्त्र खरं. आजपासून बूट बंद.' फाट्यावर उतरल्याबरोबर तिनं बूट काढून गळ्यात अडकवले आणि अनवाणीच घरापर्यंत पळत आली. आत शिरली आणि वहाणांशेजारी बूट टांगायला खुंटीकडं वळली.

खुंटी रिकामी होती.

अंगणात करकर वाजलं. आश्रुबा आत आला, एकेक पाऊल जपून टाकत, कारण वहाणा चावत होत्या. तोंडभर हसत होता.

"बापू, हे काय? अन् तुमचं शास्त्र? मी तर अनवाणी पळून लागले!"

आश्रुबाचं हसू मावळलं. तो तिच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं बघत राहिला.

"खरंच अनवाणी पळलीस व्हय? काच घुसली असती मंजे?" तो खाली बसला आणि तिचा पाय उचलून तळवा बघायला लागला. "आगं येडे, पोरगी पोलिसात लागंस्तवर पायात काई घालणार न्हाई, असं खंडोबाला बोललो होतो मी. नवस आधी सांगितला की फळत न्हाई, मनून ते शास्त्र काडलं, माय!"