खुर्चीमागचे मालक

“हात जरा सैल सोडा, मालक. खुर्ची काही कोणी पळवून नेत नाही,” चित्रकार म्हणाला.

मालकांच्या मनात पाल चुकचुकली. सत्तरीनिमित्त तैलचित्र काढून घ्यायची टूम बायकोची. उभं राहिलात तर रुबाब दिसतो, हे चित्रकाराचं म्हणणं. मालक फुशारले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून रोज सकाळी उभे राहू लागले. पाय भरून यायचे, पण रुबाब म्हटल्यावर इलाज नव्हता. चित्र पुरं होईपर्यंत बघायचं मात्र नाही, अशी अट होती.

चित्रकार ब्रश धुवायला आत गेला. मालकांनी अट धाब्यावर बसवली आणि ते चित्रासमोर आले.

चेहरा हुबेहूब होता. करारी जबडा, संशयी डोळे, गळ्यापर्यंत लावलेली कोटाची बटणं. पण खुर्चीत मधोमध कॅनव्हास कोराच सोडला होता. बसलेल्या माणसाच्या आकाराचा. कारखान्याच्या कचेरीत अशी चित्रं ओळीनं लावलेली होती आणि तिथली रीत पक्की होती. कारभार ज्याच्या हातात, तो खुर्चीत. जो बाजूला झाला, तो खुर्चीमागे उभा. सासरे शेवटपर्यंत खुर्चीतच होते.

मुलगाच! हल्ली जरा जास्तच गोड बोलत होता. घरी वकिलाच्या चकराही वाढल्या होत्या. पोटच्या पोरानं असा केसानं गळा कापावा? मालकांना रडूच आलं.

चित्रकार बाहेर येताच ते गरजले, “खुर्चीत कोण बसणार आहे? माझा मुलगा ना?”

“छे हो! ते कालच येऊन गेले, हाच प्रश्न घेऊन. तेही असेच घामाघूम.”

मग कोण? तेवढ्यात दार उघडलं. बायको आत आली, तिच्यामागे वकील. कारखाना सासऱ्यांनी लेकीच्या नावावर केला होता. इतक्या वर्षांत मालकांना ते आठवायची कधी गरजच पडली नव्हती.

ती सरळ जाऊन खुर्चीत बसली. पाठ ताठ, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.

“अहो, असे बघताय काय? या, आपल्या जागेवर उभे राहा,” ती म्हणाली. “आणि जरा मागे सरका. माझा उजेड अडतोय.”