घंटेकडचा हात

ऋता अहवालवाचनाच्या परीक्षेत एकदा नापास झाली होती. उद्या दुसरी खेप. सरावासाठी तिने सासूबाईंनाच धरलं.

"आई, तुम्ही शाळेत शिकवलेलं काहीतरी सांगा. ते आज कुणाकुणाच्या डोक्यात आहे, हे लोकांच्या विचार टिपणाऱ्या कपाळपट्ट्यांवरून संगणकाला कळतं. तोच अहवाल काढायचाय."

इंदुमतीबाईंनी मान उडवली. त्यांच्या शाळेला कुलूप लागून जमाना झाला होता. "माझं कुठलं उरायला? बरं, त्यात घाल, 'घंटेकडचा हात'." वर्गाच्या उजव्या अंगाला घंटा टांगलेली असे, म्हणून उजव्या हाताला बाई पोरांना तसं म्हणायला शिकवत.

पडद्यावर नावं झरझर चढू लागली. गावातली, परगावची, ती घंटा जन्मात न पाहिलेल्या पोरांचीसुद्धा. बाईंची पाठ आपोआप ताठ झाली.

एका नावाशी ऋता थबकली. ते तिचंच होतं.

"अगंबाई! लग्नानंतर तुमचा निशांत मला गाडी शिकवताना सारखा 'घंटेकडे वळव' म्हणायचा!"

"म्हणणारच. माझ्याच वर्गात शिकलाय तो," बाई म्हणाल्या. "म्हणजे तूही माझ्याच वर्गातली. आणि माझ्या वर्गात कुणी दोनदा नापास होत नाही. घे पुढचा प्रश्न."