सोबतीचं भाडं

माजी सैनिकांच्या दवाखान्यातल्या कारकुनानं प्रवासखर्चाचा अर्ज तिसऱ्यांदा परत सरकवला, तशी द्वारकाबाई खिडकीवर हात आपटून म्हणाली, "आवं साहेब, आमच्या सुभेदारांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू! पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात काय वास काढत जायचं त्यांनी? माझं भाडं का कापलं?"

"मावशी, तपासणीच्या कागदावर डॉक्टरांनीच लिहिलंय, सोबतीची गरज नाही."

द्वारकाबाईनं गर्रकन वळून नवऱ्याकडं पाहिलं. सुभेदारांनी गुपचूप चष्मा पुसायला घेतला. तिला काय ते कळलं. पलटणीत उभी हयात गेली, पण साहेबापुढं 'जमत नाही' असं या माणसाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं.

"डॉक्टर आत आहेत," कारकून म्हणाला. "आत्ता सांगितलंत तर दुरुस्त करून देतील."

"दिसत न्हाई, एवढंच बोलायचं," दारापर्यंत ती बजावत राहिली. "फुडं एक अक्षर काढाल तर याद राखा!" सुभेदारांनी मुकाट मान डोलावली.

आत खुर्चीत नातवाच्या वयाचे डॉक्टर, हुद्द्यानं मेजर. "काय सुभेदारसाहेब, एकट्यानं प्रवास जमतो ना?"

सुभेदारांच्या टाचा जुळल्या. "एकदम फिट, सर!" म्हणत त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला, तो कोपऱ्यात खुंटीला टांगलेल्या पांढऱ्या कोटाला.

द्वारकाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. समोरून सॅल्यूट आल्याशिवाय सुभेदारांचा हात आता खाली येणार नव्हता. डॉक्टरांनी पुढ्यातल्या कागदावरचं 'नाही' खोडलं, ते आवाज न करता उठले, कोटासमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सॅल्यूट केला.